विरजण, फोडणी आणि प्रेम: घरच्या स्वयंपाकातील जादूचे अनुभव सांगा

गेली दोन वर्षे मी एक कादंबरी लिहीत आहे. ती हलकीफुलकी प्रेमकथा आहे, तिच्यात जादू आहे आणि ती जवळजवळ सगळी एका स्वयंपाकघरात घडते. पुण्याच्या पेठेतील एक जुना वाडा, आजीच्या पश्चात तिथे एकटी राहणारी सत्तावीस वर्षांची नायिका आणि आजीकडून तिच्याकडे आलेला मिसळणाचा पितळी डबा, एवढ्यावर कथा उभी आहे. स्वयंपाक करताना नायिकेच्या मनात जे असते ते जेवणाऱ्याच्या मनात उतरते. तिने धास्तावलेल्या मनाने केलेला उपमा खाणाऱ्याच्या छातीत कारण नसताना धडधडू लागते, आणि ती खुशीत असताना थापलेले थालीपीठ खाऊन वर्षानुवर्षे अबोला धरलेली दोन बिऱ्हाडे एकमेकांची विचारपूस करू लागतात. अडचण अशी होते की माडीवर नवा भाडेकरू राहायला येतो, तो तिला आवडू लागतो आणि आपल्या हातचा एक घास जरी त्याच्या पोटात गेला तरी सारे उघड होईल या भीतीने ती त्याला महिनाभर फक्त बेकरीतली खारी देत राहते. मात्र खारीबरोबरचा चहा तिनेच केलेला असतो, हे तिच्या ध्यानात येत नाही.

पाचव्या प्रकरणापाशी मी अडले, कारण जादू फार स्वस्त होऊ लागली होती. डब्यातून चिमूटभर काहीतरी टाकावे आणि काम व्हावे, असे स्वयंपाकघरात कधीच होत नसते. डाळ मऊ होण्याआधी तिच्यात चिंच किंवा गूळ पडला तर ती कितीही वेळ चुलीवर ठेवली तरी तिची कणी मोडत नाही. दगडफूल कच्चे हुंगले तर त्याला फारसा वास नसतो, पण तेलात परतले की गोड्या मसाल्याचा वास जिन्यापर्यंत जातो. क्रम, हवा, भांडे आणि वाट पाहण्याची तयारी हे तिथले कायदे आहेत, आणि माझी जादू हे कायदे पाळणारी असावी असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे याचा एक फार जुना आधार आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात रूप पालटलेला नळ बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन कुंडिनपुरास येतो. दमयंतीला संशय येतो आणि ती केशिनी नावाच्या दासीला त्याच्यावर लक्ष ठेवायला पाठवते. केशिनी येऊन सांगते की त्याने नुसते पाहिले तरी रिकामे घडे पाण्याने भरतात, त्याने गवताची मूठ उन्हात धरली की ती पेटते आणि हातात चुरगाळलेली फुले अधिकच टवटवीत होतात. एवढे चमत्कार ऐकूनही दमयंती त्याने शिजवलेले अन्न मागवून घेते, चाखते आणि मग तिची खात्री पटते. स्वयंवराच्या वेळी यमाने नळाला अन्नाच्या रसाचे ज्ञान वर म्हणून दिले होते, परंतु दमयंतीने ओळखली ती वरदानाची चव नसून तिने पूर्वी अनेकदा खाल्लेली, आपल्या माणसाच्या हातची चव होती, असे मी मानते. माझी कादंबरी या एका घासातून निघाली आहे.

म्हणून हे निमंत्रण. आपल्या घरात एखाद्या पदार्थामुळे मने जुळली असतील, रुसवा गेला असेल किंवा जिला जादूच म्हणावे अशी गोष्ट घडली असेल, तर ती सविस्तर लिहावी. पदार्थ कसा झाला हे मात्र अवश्य सांगावे. कोणाचीही नावे देऊ नयेत. पेठ किंवा उपनगर लिहिले तरी पुरे.

नारायण पेठ

माझे वय आता बहात्तर आहे, त्यामुळे ही गोष्ट सांगायला संकोच वाटण्याचे दिवस गेले. 1974 च्या पावसाळ्यात आमच्या वाड्यातील जिन्याखालच्या खोलीत चिपळूणचा एक विद्यार्थी राहायला आला. तो रोज संध्याकाळी स्टीलची छोटी वाटी घेऊन दारात उभा राहत असे आणि आईला म्हणत असे, "काकू, थोडं विरजण मिळेल का?" तिन्हीसांजा झाल्यावर दही किंवा विरजण घराबाहेर द्यायचे नाही असा आमच्याकडे रिवाज होता, म्हणून आईने त्याला दिवेलागणीच्या आत येण्यास बजावले होते. वाटीत विरजण घालण्याचे काम माझ्याकडे असे, आणि "येत जा वेळेवर" यापलीकडे मी त्याच्याशी बोलत नसे.

डिसेंबरात त्याने तक्रार केली की दही लागत नाही, नुसते फसफसलेले दूध होते. पुण्याच्या थंडीत असे होणारच. दूध फार गरम असेल तर विरजणातील जीव मरतो आणि फार गार असेल तर तो वाढत नाही. 40 ते 45 अंश सेल्सिअसच्या आसपास तो भराभर वाढतो, हे मला पुढे पुस्तकातून कळले, पण आईचे माप असे होते की करंगळी बुडवून सावकाश दहा अंक मोजता आले पाहिजेत. मी त्याला ते माप सांगितले, पातेले कणकेच्या डब्यात खोचून ठेवायला सांगितले आणि विरजण लावल्यावर भांडे हलवायचे नाही हेही सांगितले. त्याने प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली. आमचे ते पहिले लांबलचक बोलणे होते.

संक्रांतीच्या सुमारास वाड्याच्या मागच्या खोलीत राहणाऱ्या आजी आईला म्हणाल्या, "तुमच्या विरजणाला दही फार सुरेख लागतं हो, त्या मुलामुळे मला रोज आयतं मिळतं." तेव्हा उलगडा झाला की त्याच्या खोलीत ना शेगडी होती, ना दूध. तो दोन्ही वेळा खाणावळीत जेवत असे आणि वाटी सरळ आजींना नेऊन देत असे. कणकेचा डबाही त्याच्याकडे नव्हता. त्याने दोनदा विचारून घेतलेली सारी माहिती आजींच्या कामी येत होती. आई त्याला एका शब्दाने बोलली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने वाटी पुढे केली तेव्हा तिने विरजणाऐवजी त्यात शिऱ्याची मूद घातली आणि मला म्हणाली, "तूच नेऊन दे त्याच्या हातात." आमचे लग्न 1977 मध्ये झाले.

निमंत्रकाकडून

काकू, हे वाचून मी कितीतरी वेळ पुढे काहीच लिहू शकले नाही. माझ्या नायिकेची जादू मी मसाल्याच्या डब्यात कोंडून ठेवली होती. विरजण ही तर रोज थोडी मागे ठेवून उद्याची करायची जादू आहे, घरोघर वाटली तरी न संपणारी, आणि तिला हात लावायचा नसतो. आपली परवानगी असेल तर भाडेकरू खारी सोडून वाटी घेऊन दारात येईल. एक विचारायचे राहिले: ती वाटी अजून आहे का?

कसबा पेठ

आमचे घर तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर आहे. पेशवाईपासून तिथे तांब्या-पितळेची भांडी घडतात, आणि मठाराचे, म्हणजे भांड्यावर हातोडीच्या खुणा उमटवण्याचे काम सुरू असताना एकाच लयीत पडणाऱ्या हातोड्यांच्या आवाजावर मी लहानाचा मोठा झालो. हातोडीच्या त्या खुणा केवळ शोभेच्या नसतात. ठोकून ठोकून पत्रा कणखर होतो.

माझे लग्न 1989 मध्ये पाहून ठरवून झाले. महिनाभरात घरी पाहुणे यायचे होते, आणि पत्नीने माझ्या आजीच्या पितळी पातेल्यात आमसुलाचे सार केले. त्या पातेल्याची कल्हई आत कुठेकुठे उडाली होती, हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. आंबट पदार्थ उघड्या पितळेला लागला की तो कळकतो. जिभेवर धातूची कडवट चव येते आणि ते पोटात जाणे चांगले नाही. पाहुणे यायला अडीच तास होते आणि ती मोरीपाशी पातेले धरून रडत होती. चूक तिची नव्हती, परंतु नव्या सुनेला हे सांगायचे कोणी, असा प्रश्न होता, कारण तोवर मी तिच्याशी घरच्यांच्या देखत मोजून वीस वाक्येसुद्धा बोललो नव्हतो.

मी सार ओतून दिले, पातेले घासून सायकलला लावले आणि कल्हईवाल्याकडे जाऊन बसलो. त्यांनी पातेले भट्टीवर लालसर तापवले, आत नवसागराची पूड टाकताच पांढरा धूर उठला, मग कथलाची कांडी टेकवली. कथील 232 अंशांनाच वितळते, त्यामुळे ते पाण्यासारखे पसरते. कापसाचा बोळा एकदा गोल फिरला आणि काळवंडलेल्या पातेल्यात पौर्णिमेचा चंद्र उतरावा तसे लखलखीत रुपेरी वर्तुळ दिसू लागले. गार पाण्यात बुडवल्यावर चर्र आवाज झाला आणि काम संपले. घरी येऊन मी म्हणालो, "आता सार मी करतो, तू फक्त सांग." ती सांगत गेली: आमसुले कोमट पाण्यात भिजव, गूळ एवढाच, जिऱ्याची फोडणी तुपाचीच. त्या अर्ध्या तासात ती माझ्याशी जेवढे बोलली तेवढे त्याआधीच्या महिन्यात बोलली नव्हती. पाहुण्यांनी सार दोनदा मागून घेतले. ते पातेले आजही वापरात आहे आणि दर काही महिन्यांनी मी स्वतः ते कल्हईला घेऊन जातो.

आपल्या नायकाला अद्याप उद्योग ठरवला नसेल, तर त्याला कल्हई करू द्यावी अशी माझी विनंती आहे.

निमंत्रकाकडून

विनंती मान्य आहे. तो आतापर्यंत घड्याळे दुरुस्त करत होता, आणि तो उद्योग त्याला का दिला होता याचे कारण मलाही सांगता आले नसते. नायिकेची जादू बिघडू लागते तेव्हा ती स्वतःला दोष देत राहते आणि दोष प्रत्यक्षात भांड्याचा असतो, हे मला आता दिसते आहे.

कर्वेनगर

माझा अनुभव अगदी लहानसा आहे. नवरात्रात आमच्या सोसायटीत भोंडला होत असे. पाटावर हत्तीचे चित्र काढायचे, भोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. ओळखता येऊ नये म्हणून माझी आई दरवर्षी काहीतरी अवघड करत असे. त्या वर्षी तिने दुधी हलव्याच्या वड्या केल्या होत्या आणि डबा हलवून दाखवला तरी आवाज येईना. तिखट की गोड, कोरडे की ओले, सगळे विचारून मुली थकल्या. मुलांना भोंडल्यात जागा नसते, पण दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक मुलगा हळूच म्हणाला, "दुधी आहे, सकाळी जिन्यात किसाचा वास येत होता." सगळ्या मुली त्याच्यावर रागावल्या, मी सोडून. आज आमची मुलगी भोंडला खेळते आणि खिरापत तो करतो.

औंध

निमंत्रण आवडले, पण एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. "तुमच्या हाताला चव आहे" हे वाक्य माझ्या आईने चाळीस वर्षे ऐकले, आणि तेवढी वर्षे पुरण वाटून तिचा खांदा दुखत राहिला. ज्या कथेत बाईच्या हातात जादू असते, तिथे बाकीच्या सर्वांना हात न लावण्याची सोय होते. आपल्या कादंबरीत तसे होऊ नये. जादू केल्यावर नायिका दमली पाहिजे, आणि ती दमली आहे हे नायकाला तिने सांगण्याआधी कळले पाहिजे.

माझ्या वडिलांना ते अडुसष्टाव्या वर्षी कळले. आईचे मनगट मोडले आणि सहा आठवडे प्लास्टर होते. वडील नोकरीत नकाशे काढण्याचे काम करत असत, त्यामुळे "अंदाजे" हा शब्द त्यांना समजत नसे. आईला लग्नात भेट मिळालेले कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' त्यांनी कपाटातून काढले. 1970 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाने वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघर पोचवले, परंतु आईने ते कधी उघडले नव्हते, कारण तिचे प्रमाण तिच्या हातात होते. चार दिवसांनी वडील म्हणाले, "आमटी चांगली होते आहे, पण ती तुझी होत नाही." मग त्यांनी आईचा चांगला हात मोजायला घेतला. ते तिला डब्यातून मूठ भरायला सांगत, ती मूठ वजनकाट्यावर रिकामी करत आणि आकडा वहीत लिहीत. तिची चिमूट, तिची मूठ, तिचा "एवढासा" गूळ, सगळे ग्रॅममध्ये मांडले गेले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी केलेल्या आमटीचा भुरका घेऊन आई गप्प झाली आणि नंतर म्हणाली, "ही माझी आहे." प्लास्टर निघाले तरी रात्रीची आमटी त्यांच्याकडेच राहिली. ती वही माझ्याकडे आहे. तिच्या पहिल्या पानावर तारीख आहे आणि खाली फक्त "हिची मूठ" असे लिहिले आहे.

निमंत्रकाकडून

ताई, आपले म्हणणे मी जसेच्या तसे स्वीकारते. आधीच्या एका प्रकरणात नायिका सलग तीन दिवस वाड्यासाठी स्वयंपाक करते आणि माझ्या लिखाणात ती चौथ्या दिवशीही ताजीतवानी होती. ते चुकले होते आणि मी ते बदलले आहे. 'हिची मूठ' मात्र मी कादंबरीत घेणार नाही, ती आपल्या घरचीच राहू द्यावी.

वारजे

एप्रिल 2021 मध्ये मला कोविड झाला. ताप गेला, दम परत आला, पण वास गेला तो गेलाच. वास नसला की चवही जाते, कारण ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग नाकाने जाणवतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. वरण-भात म्हणजे ओला मऊ गोळा आणि पोळी म्हणजे कापड, अशी माझी अवस्था झाली. मी जेवणावरून चिडू लागलो, आणि त्याचा सगळा ताप पत्नीला होत असे.

डॉक्टरांनी वासाचा सराव करायला सांगितला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी यांचा वास दिवसातून दोनदा, प्रत्येकी वीसएक सेकंद, लक्षपूर्वक घ्यायचा. नाकातील वास ओळखणाऱ्या पेशी पुन्हा वाढू शकतात, आणि नियमित सरावाने काही जणांचा वास लवकर परततो, असे त्यांनी समजावले. निलगिरीचे तेल घरी नव्हते, म्हणून पत्नीने लवंग आणि लिंबाच्या जोडीला हिंग आणि वेलदोडा घेतला. रोज सकाळी सातला ती मला डोळे मिटायला लावत असे, एकेक डबी नाकाखाली धरत असे आणि हळू आवाजात सांगत असे, "हा हिंग. आठव, तुझ्या आईच्या कढीचा." डॉक्टरांच्या कागदावर आठवण काढायचे लिहिलेले नव्हते, ते तिचे होते. पाच महिने एकही दिवस खंड पडला नाही, आणि पाच महिने मी रोज "नाही" म्हणत होतो.

गौरी-गणपतीच्या आदल्या आठवड्यात मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. अचानक नाकात काहीतरी शिरले, ते काय आहे हे एक क्षण कळले नाही आणि मग डोळ्यांसमोर आजोळचे माजघर उभे राहिले. मी धावत आत गेलो. पत्नीला वाटले काहीतरी करपले. ती लोणी कढवत होती, तूप झाले होते आणि तळाशी बदामी बेरी धरत होती. मी म्हणालो, "तूप." तिने गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिली. त्या दिवशी आम्ही पातेल्यातली गरम बेरी साखर घालून एकाच चमच्याने खाल्ली. आमच्या लग्नाला तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती.

बिबवेवाडी

मी अमरावतीकडची, लग्न होऊन पुण्यात आले. सासरी चिंच-गुळाची आमटी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला ती पक्वान्नाची वाटी वाटली. सासूबाईंनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखले असावे, कारण दुसऱ्या दिवसापासून त्या फोडणी झाल्यावर आमटी दोन पातेल्यांत करू लागल्या आणि माझ्या पातेल्यात गुळाऐवजी लाल तिखट जास्त पडू लागले. एकाच घरात दोन आमट्या सहा वर्षे झाल्या. आज एकच होते, तिखटही आणि जराशी गोडही, आणि कोणाचे पातेले कधी बंद झाले हे आम्हा दोघींनाही आठवत नाही. आपण सांगितलेली दमयंती आमच्याकडचीच. ते कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील वर्धेकाठचे कौंडण्यपूर, असे आमच्याकडे मानतात. नायिकेची एखादी मैत्रीण तरी विदर्भातली असावी.

शनिवार पेठ (आजोबा सांगत आहेत, नात लिहीत आहे)

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले आणि आम्ही हाताला लागेल ते घेऊन उंचावरच्या एका शाळेत पोचलो. पाणी ओसरल्यावर घरी गेलो तेव्हा भिंती चिखलाच्या होत्या, धान्य कुजत होते आणि मिठाची बरणी रिकामी होती. फक्त एक पितळी डबा तुळईला अडकून राहिला होता. त्याचे झाकण इतके घट्ट होते की ते उघडायला दोघे जण लागले. आत थालिपिठाची भाजणी होती, कोरडी ठणठणीत, आषाढासाठी आईने नुकतीच दळून आणलेली.

तो डबा शाळेत आणला. पीठ आमचे, कांदे कोणाचे, तवा तिसऱ्याचा, आणि मीठ एका अनोळखी कुटुंबातील मुलीने पदराच्या गाठीतून काढून दिले. घर सोडताना तिने ते का बांधून घेतले, हे तिला सांगता आले नाही. भाजणीत धान्ये आणि डाळी आधीच भाजलेल्या असतात, त्यामुळे ओल्या लाकडांच्या मंद धगीवरही थालीपीठ कच्चे राहिले नाही. किती जणांनी खाल्ले ते मोजले नाही, डबा मात्र रात्रीपर्यंत पुरला. मीठ देणारी मुलगी म्हणजे ही लिहिणाऱ्या नातीची आजी. ती तीन वर्षांपूर्वी गेली. घर बदलले, सामान बदलले, पण आमच्याकडे भाजणी अजूनही त्याच डब्यात असते.

सदाशिव पेठ

आजोबांनंतर लिहिणे कठीण आहे, तरी हलव्याविषयी सांगायला हवे, कारण हवामान पाळणारी जादू हवी असेल तर ती हीच आहे. मी आईबरोबर तीस वर्षे संक्रांतीचे हलव्याचे दागिने करते. परात मंद शेगडीवर ठेवायची, इतकी मंद की हात टेकता आला पाहिजे, त्यात तीळ किंवा खसखस पसरायची आणि साखरेच्या एकतारी पाकाचे थेंब चमच्याने सोडत बोटांनी सतत फिरवत राहायचे. पाक वाळतो, पुन्हा थेंब, पुन्हा फिरवणे. असे तासन् तास, कधी तीन-चार दिवस चालते, तेव्हा दाण्यावर काटा उभा राहतो. हवा कोरडी आणि गार असेल तरच तो येतो, म्हणून आम्ही पहाटे चारला बसतो. आभाळ आले तर सगळा हलवा गुळगुळीत होतो आणि कितीही कष्ट केले तरी काटा येत नाही.

माझे लग्न ठरल्यावर होणाऱ्या सासरहून हलव्याचे दागिने यायचे होते. ते आले तेव्हा मी पाहताक्षणी ओळखले की विकतचे नाहीत, कारण बाजारचा काटा एकसारखा असतो आणि या हाराचे काही मणी टोकदार, काही बोथट, तर दोन चक्क चपटे होते. नंतर नणंदेने सांगितले की तिच्या भावाने कोणालाही न सांगता आठवडाभर पहाटे उठून परात धरली होती आणि त्याच्या बोटांच्या टोकांना फोड आले होते. संक्रांतीला काळी साडी नेसून मी तो हार घातला, आणि ते चपटे मणी पुढे मधोमध दिसतील असा घातला. समारंभ झाल्यावर दागिन्यांचा हलवा लहान मुलांना वाटतात. मी सगळा वाटला आणि दोन मणी ठेवून घेतले.

निमंत्रकाकडून

आपल्या सर्वांमुळे पाचवे प्रकरण काल रात्री लिहून झाले. नायिका आता डब्याला हात लावत नाही. संक्रांतीच्या आधीच्या थंडीत ती पहाटे हलवा करायला बसते, माडीवरून उतरलेला कल्हईवाला समोर बसून परातीची दुसरी बाजू धरतो, आणि ती आयुष्यात प्रथमच मनात जे आहे ते लपवण्याचा प्रयत्न न करता पाक सोडत राहते. काटा येईल की नाही हे त्या दिवशीच्या आभाळावर अवलंबून आहे, आणि ते मी अजून ठरवलेले नाही. आज पहाटे मी स्वतः परात घेऊन बसले होते. तीन तासांत चिमटीभर हलव्याला काटा आला.

नारायण पेठ

आपण विचारले होते म्हणून लिहिते. वाटी आहे. तिच्या कडेला एक पोचा आहे, तो 1976 च्या उन्हाळ्यात ती जिन्यावरून पडली तेव्हाचा. कालही तिच्यातच विरजण काढून ठेवले. वरच्या मजल्यावर एक नवीन जोडपे राहायला आले आहे, त्यातल्या मुलाने सकाळी येऊन मागितले. त्याच्या घरात दूध आहे का, हे मी विचारले नाही.